दवबिंदूची रोपं घरच्या घरी कशी वाढवाल?

दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, ही कीटकभक्षी वनस्पती आता शहरांतल्या काही रोपवाटिकांमध्ये आणि ऑनलाइन बाजारात मिळू लागली आहे. पानांवरच्या लाल केसांच्या टोकाशी चमकणारे चिकट थेंब, त्यांत अडकलेलं चिलट आणि त्याच्याभोवती सावकाश मुडपणारं पान पाहून अनेकजण ती हौसेने घरी आणतात. मग प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच ते असतात. एका रोपाची चार कशी करायची? पान कुंडीत खोचलं, ते कुजलं, असं का? बी पेरलं, दोन महिने झाले, काहीच उगवलं नाही. फुलं येऊन गेली आणि झाड वाळलं, कुठे चुकलं? आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न: कासच्या पठारावर दिसलेला दवबिंदू घरी आणून लावता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: नाही, आणणं योग्यही नाही आणि त्याचा उपयोगही नाही. त्याची कारणं पुढे येतील. बाकीच्या प्रश्नांमागे सहसा दोनच गोष्टी असतात. एक, पाणी किंवा माती चुकलेली असते. दोन, एका जातीला लागू पडणारी पद्धत दुसऱ्या जातीवर वापरलेली असते. म्हणून कात्री हातात घेण्याआधी तुमच्याकडे कोणती जात आहे ते नक्की करा.

आधी जात ओळखा

जगात दवबिंदूच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. आपल्या बाजारात त्यांतल्या मोजक्याच मिळतात.

- केप दवबिंदू (ड्रॉसेरा कॅपेन्सिस): मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताचा. लांब, पट्टीवजा, वर उठलेली पानं. पान, मूळ, फुलाचा दांडा, बी, कशापासूनही वाढतो. पहिल्यांदाच करून पाहत असाल तर हाच घ्या. पुढची बरीचशी माहिती यालाच धरून दिली आहे.
- ड्रॉसेरा स्पॅट्युलाटा: जमिनीलगत चक्रासारखा पसरतो, पानं टोकाकडे रुंद होतात. पानापासून आणि बियांपासून सहज होतो. मुंबई-कोकणातल्या उकाड्यात केपपेक्षा जास्त टिकतो.
- ड्रॉसेरा ॲडेली: ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या दमट जंगलांतला. निमुळती पानं, थेट उन्हाचा तिटकारा. मुळांतून आपोआप पिल्लं फुटतात. तुम्ही फक्त ती वेगळी करायची.
- ड्रॉसेरा बिनाटा: पानाला फाटे फुटतात. मुळांच्या तुकड्यांपासून उत्तम वाढतो. याच्या बऱ्याच रोपांत स्वतःच्या परागांनी बी धरत नाही, त्यामुळे बियांची वाट पाहत बसू नका.
- ड्रॉसेरा बर्मानी आणि ड्रॉसेरा इंडिका: हे दोघे आपल्याकडचे. कोकणातल्या सड्यांवर (उघड्या कातळांवर), कासच्या पठारावर पावसाळ्यात आणि त्यानंतर दिसतात. दोन्ही एका हंगामाचे धनी: फुलतात, बी टाकतात आणि वाळतात. यांना बियांपासूनच वाढवायचं.

फुलं येऊन गेल्यावर ज्यांचं झाड वाळलं, त्यांनी या यादीतली शेवटची ओळ पुन्हा वाचावी. तुमच्याकडे बर्मानी असेल तर तुमचं काहीही चुकलेलं नाही. त्याचं आयुष्यच तेवढं. वाळलेल्या बोंडांतलं बी काढून ठेवलं असेल तर पुढची पिढी तुमच्या हातात आहे.

थंड देशांतल्या काही जाती (ड्रॉसेरा रोटंडिफोलिया, ड्रॉसेरा फिलिफॉर्मिस) हिवाळ्यात कळीच्या रूपात झोपी जातात. त्यांना कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. आपल्या मैदानी शहरांत ती मिळत नाही. फोटो कितीही सुंदर असले तरी या जातींवर पैसे घालवू नका.

पाण्याची गोष्ट सगळ्यात मोठी

दवबिंदू निकस, आम्लधर्मी, कायम ओल्या जमिनीत वाढतो. तिथे अन्नद्रव्यं जवळजवळ नसतात, म्हणून तर तो किडे पकडतो. त्याच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. आपण प्रेमाने घातलेलं नळाचं पाणी हळूहळू कुंडीत क्षार साठवत जातं. आधी पानांवरचे थेंब जातात, मग नवी पानं आखूड येतात आणि काही महिन्यांत झाड संपतं. ज्यांची पानं लावल्यावर कुजतात, त्यांच्यातही अनेकदा दोष पाण्याचाच असतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. रोपाच्या आधी तो घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. आकडा ५० पीपीएमच्या खाली असावा.

- पावसाचं पाणी: सर्वोत्तम. पहिल्या एक-दोन सरी जाऊ द्या. त्यानंतर उघड्यावर स्वच्छ बादली ठेवून थेट धरा. सिमेंटच्या स्लॅबवरून किंवा गंजक्या पत्र्यावरून आलेल्या पागोळ्यांचं पाणी नको. सिमेंटमधला चुना त्यात उतरतो. झाकणाच्या कॅनमध्ये अंधारात ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं.
- घरच्या आरओचं पाणी: चालतं, पण मोजून. अनेक यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते आणि मग आकडा शंभरीच्या आसपास किंवा पुढे जातो. तंत्रज्ञाला सांगून तो कमी करता येतो, पण तेच पाणी घरात पिण्यासाठी असेल तर झाडासाठी यंत्राशी खेळू नका. दुसरा मार्ग धरा.
- एसीतून गळणारं पाणी: क्षार फार कमी. मात्र यंत्राची साफसफाई रसायनांनी झाली असेल तर पुढचे काही दिवस ते वापरू नका.
- इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वॉटर: चालतं. बाटलीवर ‘ॲसिड’ लिहिलेलं नाही ना, हे नीट पाहा आणि एकदा मीटर लावा.
- बोअरचं, टँकरचं, बाटलीबंद मिनरल वॉटर: नको. उकळून किंवा रात्रभर ठेवूनही क्षार जात नाहीत. रात्रभर ठेवल्याने फक्त क्लोरीन उडतो.

पाणी वरून घालायचं नाही. कुंडी बशीत ठेवा आणि बशीत एक ते दोन सेंटिमीटर पाणी राहू द्या.

कुंडी आणि तिच्यातली ‘माती’

माती हा शब्द इथे केवळ सवयीने वापरला आहे. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, नर्सरीतलं तयार मिश्रण, यांतलं काहीही चालत नाही. लागतं ते एवढंच:

- खत न मिसळलेलं पीट मॉस एक भाग आणि परलाइट किंवा धुतलेली सिलिका वाळू एक भाग, किंवा
- नुसतं सुकं स्फॅग्नम मॉस, भिजवून पिळलेलं. ऑर्किड लावणाऱ्यांकडे ते मिळतं.

पिशवीवर खत किंवा पोषक द्रव्यं मिसळल्याचा उल्लेख असेल तर ती परत ठेवा. कोरडं पीट मॉस पाणी धरत नाही. कोमट पाण्यात हाताने मळून भिजवावं लागतं. वाळूत शिंपल्यांची भुकटी असण्याची शंका असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर ती वाळू टाकून द्या.

कोकोपीट स्वस्त असतं, सगळीकडे मिळतं, म्हणून त्याबद्दल खूप विचारणा होते. नारळाच्या सोडणात मिठाचा आणि पोटॅशचा अंश राहतो. कमी टीडीएसच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, निथळलेल्या पाण्याचा आकडा खाली आणून मोठी रोपं त्यात जगवता येतात. पण नव्या कोंबांसाठी आणि बियांसाठी मी ते वापरा असं सांगणार नाही. बचत थोडी आणि जोखीम मोठी.

कुंडी प्लास्टिकची घ्या. भाजलेल्या मातीची आणि सिमेंटची नको, त्यांतून क्षार उतरतात. केपची मुळं लांब जातात, म्हणून खोली दहा-बारा सेंटिमीटर तरी हवी. बशी म्हणून श्रीखंडाच्या डब्याचं झाकण आणि वरून झाकायला केकचा पारदर्शक डबा, यापेक्षा महाग सामानाची गरज नाही.

पानापासून रोप: दोन मार्ग

बहुतेकांसाठी हीच पद्धत योग्य. केप, स्पॅट्युलाटा, ॲडेली, बिनाटा या सगळ्यांना लागू पडते. बर्मानी-इंडिकाला नाही.

पान निवडताना घाई करू नका. अगदी कोवळं, उलगडत असलेलं पान नको आणि खालचं पिवळं पडलेलंही नको. पूर्ण उघडलेलं, थेंबांनी भरलेलं, किडा न पकडलेलं पान घ्या. किडा अडकलेला असेल तर त्याच्यावरच आधी बुरशी येते. स्पॅट्युलाटासारख्या आखूड देठाच्या जातींत पान खोडापासून अलगद खाली ओढून देठाच्या पांढऱ्या बुडासकट काढा, कारण तिथून कोंब फुटण्याची शक्यता चांगली असते. केपचं पान लांब असतं. त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले तरी प्रत्येकातून रोप येऊ शकतं. कात्री किंवा ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या.

मॉसवर

1. पारदर्शक डब्यात भिजवून पिळलेल्या स्फॅग्नमचा किंवा पीट मिश्रणाचा तीन-चार सेंटिमीटर थर द्या.
2. पान चिकट बाजू वर ठेवून आडवं टेकवा. उभं खोचू नका. ‘पान खोचलं आणि कुजलं’ यामागचं दुसरं कारण हेच. पानाची खालची बाजू सगळीकडे ओल्या थराला लागली पाहिजे. उचलत असेल तर मॉसच्या दोन-चार काड्या वर ठेवा.
3. झाकण लावा. डबा भरपूर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. बंद डबा उन्हात तासाभरात भट्टीसारखा तापतो.
4. दोन-तीन दिवसांनी झाकण काही मिनिटं उघडून हवा खेळू द्या.

साधारण तीन ते सहा आठवड्यांत पानाच्या पृष्ठभागावर हिरवे ठिपके दिसतात. त्यांतून बारीक पिल्लं वर येतात. मधल्या काळात पानावरचे थेंब वाळतात, पान तपकिरी पडतं. तेवढ्यावरून ते फेकू नका. पान काळवंडलं तरी त्यावर कोंब हिरवे असू शकतात. मऊ पडून लिबलिबीत झालं आणि वास आला, तरच काढून टाका, आणि लगेच काढा.

पाण्यात

काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात पान सोडा, झाकण सैल लावा. जागा तीच, उजेडाची पण उन्हाबाहेरची. पाणी हिरवट झालं तर पूर्ण बदला. या मार्गाने अनेकदा लवकर फळ मिळतं आणि बुरशीचा त्रास फार कमी होतो. शिवाय बाटलीत काय चाललंय ते रोज दिसतं, त्यामुळे घरात मुलं असतील तर हाच मार्ग निवडा. पिल्लाला तीन-चार पानं आणि मुळाचा अंकुर दिसला की त्याला पीट मिश्रणावर हलवा.

पाण्यातून आलेलं रोप अतिशय नाजूक असतं. त्याच्या पानांवर थेंब नसतात आणि ती लगेच कोमेजतात. त्याला झाकणाखालीच ठेवावं लागतं. याबद्दल पुढे.

मुळापासून आणि फुलाच्या दांड्यापासून

केप किंवा बिनाटाची कुंडी बदलताना जाड मुळं हाताला लागतात. ती काळी असतात. काळी म्हणजे कुजलेली, असं समजून अनेकजण ती कापून टाकतात. दवबिंदूची निरोगी मुळंही काळीच असतात. दाबल्यावर भरीव लागली तर ती जिवंत आहेत. त्यांचे दोन ते चार सेंटिमीटरचे तुकडे करा, ओल्या मिश्रणावर आडवे ठेवा, वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण पसरा. एक-दोन महिन्यांत कोंब वर येतात. मूळ झाडाची सगळी मुळं काढू नका, एक-दोन पुरे.

बी नको असेल तर केपच्या कोवळ्या फुलदांड्याचे तुकडे पानासारखेच पाण्यात टाकून रोपं करता येतात. केपचं झाड कधी वरून वाळलं, तरी कुंडी फेकू नका. पाणी चालू ठेवा. मुळांतून ते पुन्हा फुटण्याची चांगली शक्यता असते.

बियांपासून

केपचा दांडा वर येतो तेव्हा टोकाशी वळलेला असतो. फुलं खालून वर, एकेक करून उमलतात आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. परागीभवन फूल मिटताना आपोआप होतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. बोंडं तपकिरी-काळी होऊन वाळली की दांडा कापून पांढऱ्या कागदावर झटका. पडेल ती काळी धूळ म्हणजेच बी. एका दांड्यात शेकडो बिया असतात.

- बी मिश्रणाच्या वर विखरा. त्यावर काहीही पसरू नका. उगवायला उजेड लागतो. ‘बी उगवलंच नाही’ या तक्रारीमागे अनेकदा वर टाकलेला अर्ध्या सेंटिमीटरचा थर असतो.
- वरून पाणी ओतू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. पाणी बशीतूनच.
- झाकण ठेवा आणि चांगला उजेड द्या. ताजं बी दोन ते सहा आठवड्यांत उगवतं.
- या जातींचं बी पेरण्याआधी फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही. ती गरज थंड देशांतल्या जातींना. मात्र उरलेलं बी कागदाच्या पुडीत, कोरडं, फ्रिजमध्ये ठेवलं तर ते जास्त काळ टिकतं.

बियांपासून आलेलं केपचं रोप फुलायला साधारण वर्षभर लागतं, पानापासूनचं त्याहून लवकर भरतं. दोन-चार रोपं हवी असतील तर पान लावा, शंभर हवी असतील तर बी पेरा.

झाकण कधी काढायचं

जितकी रोपं लावताना मरतात, तितकीच झाकण एकदम काढल्यामुळे मरतात. बंद डब्यातल्या दमट हवेत वाढलेल्या पानाला पुण्याची किंवा नाशिकची कोरडी हवा एका दुपारीत संपवते.

पिल्लाला पाच-सहा पानं आली की झाकण पहिल्या दिवशी बोटभर सरकवा. रोज थोडं जास्त. दहा-पंधरा दिवसांत पूर्ण काढा. मधेच पानं लोळली तर दोन दिवस मागे जा. नव्या पानांवर थेंब दिसू लागले की रोपाने घराची हवा स्वीकारली. त्यानंतर त्याला सकाळचं ऊन द्या. पूर्वेची खिडकी उत्तम, चार तासांचं ऊन मिळालं तर पानं लाल होतात. उजेड नसलेल्या फ्लॅटमध्ये पांढरा एलईडी दिवा रोज बारा ते चौदा तास, वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीवर लावला तरी काम भागतं.

खाऊ घालायचं का?

हो, पण पानाला, मुळांना नाही. कुंडीत खताचा एक दाणाही नको. खिडकीत ठेवलेली मोठी रोपं चिलटं, केळ्यांवरच्या माशा स्वतःच पकडतात. डब्यात वाढणाऱ्या पिल्लांना ते मिळत नाही, म्हणून माशांच्या टँकमध्ये टाकायच्या खाद्याची चिमूटभर भुकटी ओल्या टूथपिकच्या टोकाने पानावर ठेवा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, एका-दोन पानांवरच. यामुळे वाढ डोळ्यांना दिसेल इतकी भरभर होते. जास्त झालं तर बुरशी ठरलेली. चिकनचा तुकडा, दूध, भात, पनीर, हे काहीही देऊ नका.

डासांबद्दल स्पष्ट बोलायला हवं

‘दवबिंदू लावा, डास घालवा’ अशी जाहिरात दिसते. ती फसवी आहे. पानाला चिकटून एखादा डास मरतो, पण त्याने घरातले डास कमी होत नाहीत. उलट बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पालिका आणि ग्रामपंचायती आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, तो तुमच्या बशीलाही लागू आहे.

आठवड्यातून एकदा बशी रिकामी करा, काथ्याने आतून घासा (अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत) आणि ताजं पाणी भरा. कुंडी तेवढ्या वेळात वाळत नाही. पंधरा दिवस गावी जाणार असाल तर बशी मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळून ठेवा.

काय बिघडतं आणि काय करायचं

- थेंब नाहीसे झाले: नुकतीच कुंडी बदलली असेल तर दोन आठवडे थांबा. नाहीतर पाण्याचा टीडीएस मोजा, मग उजेड वाढवा. पानांवर सारखी फवारणी करू नका, थेंब धुऊन जातात.
- पांढरी किंवा करडी बुरशी: बाधित पान काढा, झाकण जास्त वेळ उघडं ठेवा.
- मधल्या कोवळ्या पानांना पीळ, वाकडेपणा: मावा असण्याची शक्यता. भिंगातून पाहा. कुंडीसकट रोप चोवीस ते अठ्ठेचाळीस तास कमी टीडीएसच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. दवबिंदू ते सहन करतो.
- मिश्रणावर हिरवं शेवाळ: मोठ्या रोपाला फारसा धोका नाही. बारीक रोपांना ते झाकून टाकतं, म्हणून त्यांना चिमट्याने उचलून नव्या मिश्रणात हलवा.
- पावसाळ्यात पानं कुरतडलेली: बहुधा गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन पाहा आणि हाताने उचला. मीठ टाकू नका.

आपल्याकडे कधी सुरुवात करावी

पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यात जून ते फेब्रुवारी कधीही. मुंबई-कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात दमटपणा फुकट मिळतो, पण ऊन नसल्याने बुरशी वाढते. तिथे सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ जास्त चांगला. विदर्भ-मराठवाड्यात जुलैपासून सुरू करा आणि मार्च ते मे या काळात नवं काहीही लावू नका. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की केप मंदावतो. चाळीशीच्या उन्हात त्याला घरात, उजेडाच्या पण थंड जागी आणा. बाहेरच ठेवावा लागला तर शेडनेटखाली.

सड्यावरून, पठारावरून आणू नका

आता कासच्या प्रश्नाकडे. कास पठार राखीव वनात येतं आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातून वनोपज नेणं हा गुन्हा आहे आणि वनोपजाच्या व्याख्येत लहान झाडोरा, गवत, शेवाळंसुद्धा येतात. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २९ परवान्याशिवाय असं काही उचलायला मनाई करतं. ‘एकच रोप तर घेतलं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

कोकणातले बरेच सडे खाजगी किंवा गावकीचे आहेत, तिथे वनखातं विचारायला येणार नाही. तरीही हात लावू नका. कातळावरच्या बोटभर मातीत बर्मानीची मुळं केसासारखी पसरलेली असतात, ती उपटताना तुटतात. रोप तुम्हाला दिसतं तेव्हा ते अनेकदा फुलावर आलेलं, म्हणजे आयुष्याच्या शेवटाकडे असतं. ते घरी येऊन आठवड्यात मरतं आणि त्याचं बी सड्यावर पडायचं राहून जातं. पुढच्या पावसात तिथे तेवढी जागा रिकामी असते.

उलटी चूकही तितकीच गंभीर आहे: घरच्या परदेशी दवबिंदूचं बी सड्यावर, पठारावर, पाणथळ जागी टाकू नका. केप दवबिंदू न्यूझीलंडमध्ये उपद्रवी वनस्पतींच्या राष्ट्रीय यादीत गेला आहे. त्याचं बी शेकड्याने पडतं, हे तुम्ही कुंडीतच पाहाल. नको असलेले दांडे फुलायच्या आधी कापा. जुनं मिश्रण उकळतं पाणी ओतून मगच टाका.

विकत घेताना

- जातीचं पूर्ण नाव मागा. ‘कीटकभक्षी रोप, मिक्स’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका.
- बर्मानी किंवा इंडिका असेल तर ‘बियांपासून तुम्ही स्वतः वाढवलंय का?’ असं थेट विचारा. मुळांभोवती तांबडी कातळमाती असेल तर ते रोप सड्यावरून उपटलेलं असण्याची शक्यता मोठी. घेऊ नका.
- बियांच्या पाकिटात मोहरीएवढे दाणे निघाले तर ते दवबिंदूचं बी नव्हे. खरं बी खसखशीपेक्षाही बारीक असतं. निळ्या-जांभळ्या रोपांचे फोटो लावून विकलं जाणारं बी अजिबात घेऊ नका.
- परदेशातून रोपं किंवा बी मागवायचं तर प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ नुसार आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेतून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या नातेवाइकांना बॅगेत बी आणायला सांगू नका.

पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या. रोप मेलेलं, भलत्याच जातीचं किंवा बी बनावट निघालं तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं असतं. ते झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. त्यापुढे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. रक्कम लहान म्हणून बहुतेक ग्राहक सोडून देतात आणि बनावट बी विकणाऱ्यांचं त्यामुळेच फावतं.

केपची पहिली खेप हाताला लागली की वर्षभरात तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त रोपं होतील. ती वाटा. शेजाऱ्यांना, शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना, ज्यांना कासहून एखादं उपटून आणायचा मोह होतो त्यांना तर आधी. प्रत्येक कुंडीला एक चिठ्ठी लावून द्या: जातीचं नाव, ‘फक्त पावसाचं किंवा ५० पीपीएमच्या आतलं पाणी’, ‘खत घालू नये’ आणि ‘बशी दर आठवड्याला घासावी’.